विठ्ठलवाडी : वास्तुप्रकार आणि वस्तीवाचक शब्द

एखाद्या वस्तीचा स्वभाव जाणावयाचा, तर तेथील माणसे आपल्या राहत्या जागेस कोणत्या शब्दाने संबोधतात ते पाहावे. घर बांधणारा गवंडी भिंती उभारतो. परंतु त्या भिंतींच्या आत राहणाऱ्यांचे परस्परांशी नाते काय, हे बहुधा त्या वास्तूला रूढ झालेला शब्द सांगत असतो. ‘वाडीवर राहतो’, ‘बराकीत राहतो’, ‘चाळीत राहतो’ आणि ‘सोसायटीत राहतो’ ही चार विधाने व्याकरणदृष्ट्या सारखी असली, तरी त्यांतून सूचित होणारे शेजाराचे चित्र चारही ठिकाणी भिन्न आहे. कल्याण आणि उल्हासनगर या दोन स्थानकांच्या मध्ये वसलेल्या विठ्ठलवाडीच्या परिसरात ही चारही विधाने अर्ध्या तासाच्या पायपिटीत ऐकावयास मिळतात. विसाव्या शतकात या भूमीवर जे वास्तुप्रकार एकामागून एक आले, त्यांनी तेथील ग्रामीण वस्तीचे रूप कसे घडविले, आणि त्या घडणीची नोंद भाषेने कशी ठेवली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. वाडी

‘वाडी’ हा शब्द संस्कृत ‘वाटिका’पासून आला आहे. ‘वाट’ म्हणजे कुंपणाने वेढलेली जागा. त्यापासून ‘वाडा’ आणि त्याचे लघुत्वदर्शक रूप ‘वाटिका’, तीपासून ‘वाडी’. कुंपण घातलेली जमीन हा मूळ अर्थ असल्यामुळे मराठीत या शब्दास दोन शाखा फुटल्या. नारळीपोफळींची बाग ती वाडी, आणि मूळ गावापासून काहीशी दूर असलेली घरांची लहान वस्ती तीही वाडी. कोकणात हे दोन्ही अर्थ आजही जिवंत आहेत. विठ्ठलाच्या नावाची वाडी महाराष्ट्रात एकच नाही. पुण्यातही मुठेच्या काठी एक विठ्ठलवाडी आहे. देवाचे नाव आणि ‘वाडी’ हे उत्तरपद यांची ही जोडणी मराठी ग्रामनामांत सर्वपरिचित आहे.

आसपासच्या नावांकडे पाहिले म्हणजे जुन्या वस्तीचा नकाशाच उलगडतो. डोंबिवली, काटेमानिवली, खडेगोळवली, नांदिवली या नावांतील ‘-वली’ हे उत्तरपद संस्कृत ‘पल्ली’, म्हणजे लहान गाव, यापासून आलेले आहे. चिंचपाड्यातील ‘पाडा’ हा ठाणे जिल्ह्यातील लहानशा, बहुधा आदिवासींच्या वस्तीचा द्योतक शब्द. कोळसेवाडीत पुन्हा ‘वाडी’ आहेच. पल्ली, पाडा आणि वाडी हे तिन्ही शब्द लहान वस्तीचे, शेताच्या कडेला वसलेल्या मोजक्या घरांचे आहेत. नगर, पूर, पेठ ही व्यापाराची वा सत्तेची सूचक पदे या जुन्या नावांत सहसा आढळत नाहीत. ती सारी कल्याण या प्राचीन बंदराच्या वाट्यास गेली होती.

या वस्त्यांतील घर भातशेतीला जोडलेले असे. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप देऊन उभारलेल्या भिंती, वर गवताचे शाकारलेले वा कौलारू छप्पर, पुढे अंगण, मग ओटी वा पडवी, आत माजघर, मागे परसू, आणि लगत गोठा. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यानंतर मंगळुरी कौल हळूहळू कोकण किनाऱ्यावर सर्वत्र पसरले आणि या घरांवरही चढले. तथापि घराची आखणी बदलली नाही. तिच्यात भाषाभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे असा भाग म्हणजे ओटी. ओटी घराची असते, पण घराच्या आत नसते. पाहुणा, वाटसरू, शेजारी, उधारी मागावयास आलेला वाणी या सर्वांची तेथपर्यंत मुभा असते. माजघरात मात्र सर्वांस प्रवेश नसतो. आतले आणि बाहेरचे यांच्या मधली ही जागा शेजारधर्माचे खरे स्थान होय. हिला येथे ‘मधली जागा’ म्हणू. पुढील सर्व वास्तुप्रकारांची कसोटी याच जागेवर लावून पाहावयाची आहे.

ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ठाणे परिसरातील आगरी, कोळी इत्यादी समाजांच्या बोली कोकणच्या मराठीच्या विभागात नोंदविल्या आहेत. विसावे शतक उजाडले तेव्हा या भूमीत कोणती भाषा नांदत होती, हे त्यावरून समजते. त्या भाषेत घराच्या प्रत्येक भागास स्वतंत्र नाव होते, आणि प्रत्येक नावामागे कोणी कोठे बसावे याचा संकेत होता.

२. रूळ आणि दिशा

मुंबई–ठाणे मार्गावर १८५३ साली धावू लागलेली आगगाडी १८५४ च्या मे महिन्यात कल्याणला पोहोचली, आणि १८५६ साली कल्याणहून पळसदरीपर्यंतचा फाटा सुरू झाला. विठ्ठलवाडीची भूमी याच फाट्यावर आहे. रूळ एकोणिसाव्या शतकाचे. परंतु त्यांच्यामागून येणाऱ्या वास्तू प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या. ठाकुर्लीजवळ चोळे येथे रेल्वेने १९२९ च्या सुमारास औष्णिक वीजगृह उभारले. ते आज बंद आहे. त्याच सुमारास कल्याणपासून पुणे व इगतपुरी या दोन्ही मार्गांवर विजेच्या गाड्या धावू लागल्या. वीजगृह, इंजिनांच्या दुरुस्तीची शेड आणि कामगारांची निवासस्थाने यांच्याबरोबर ‘शेड’, ‘लोको’, ‘यार्ड’, ‘क्वार्टर’ हे शब्द भातखाचरांच्या भाषेत शिरले.

यापेक्षा खोल गेलेला बदल दिशावाचक शब्दांत दिसतो. खेड्यात दिशा सांगण्याची रीत भूमीवर अवलंबून असते : वरची आळी, खालची आळी, ओढ्यापलीकडे, देवळामागे. रेल्वेने वस्तीचे दोन भाग केले आणि त्यांस ‘पूर्व’ व ‘पश्चिम’ अशी नावे मिळाली. ही नावे सूर्यावरून ठरलेली नाहीत. कल्याणच्या पुढे लोहमार्ग वळणे घेत आग्नेयेकडे जातो. तरीही रुळांची एक बाजू ‘ईस्ट’ आणि दुसरी ‘वेस्ट’ हाच व्यवहार कायम राहतो. येथे ‘पूर्व’ याचा अर्थ ‘रुळांच्या त्या अंगाला’ इतकाच उरला आहे. सूर्याच्या उगवतीशी जोडलेला शब्द पादचारी पुलाच्या जिन्याशी जोडला जावा, हा अर्थांतराचा नमुना म्हणून नमूद करण्याजोगा आहे.

३. बराक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणलगतच्या माळावर फार मोठा लष्करी तळ उभा राहिला. युद्ध संपले, फौजा गेल्या, आणि १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय याच रिकाम्या बराकींत करण्यात आली. लाखाच्या घरातील माणसे अशा रीतीने एका वस्तीत एकवटली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तेथे नव्या नगराची कोनशिला बसविली आणि उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. विठ्ठलवाडीची वेस आता शेताला नव्हे, तर या नगराला भिडली.

‘बराक’ हा शब्द इंग्रजीमार्फत मराठीत आला. इंग्रजीने तो फ्रेंचमधून आणि फ्रेंचने आणखी दक्षिणेकडील भाषांतून उचललेला. तात्पुरता निवारा हाच त्याचा मूळ आशय. मराठीत या अर्थाचा जुना शब्द ‘छावणी’ असून तो ‘छावणे’, म्हणजे शाकारणे, या क्रियेशी निगडित आहे. पावसाळ्यात मोहीम थांबवून फौजा छप्पर घालून राहत, ती छावणी. चार महिन्यांसाठी बांधलेले ते छप्पर, ही कल्पना दोन्ही शब्दांत समान आहे. उल्हासनगरात मात्र या तात्पुरत्या वास्तूत पिढ्या जन्मल्या. एका लांबलचक बराकीत गोणपाटाचे वा कापडाचे आडपडदे लावून अनेक कुटुंबे राहू लागली. पुढे पडद्यांच्या जागी भिंती आल्या, भिंतींपुढे पत्र्याच्या पडव्या आल्या, आणि पडव्यांत शिवणयंत्रे, दुकाने आणि कारखाने आले.

पत्त्याची भाषा या इतिहासाला विलक्षण इमानी राहिली आहे. ‘कॅम्प नंबर चार’, ‘बराक नंबर अमुक’, ‘सेक्शन अमुक’ हे लष्करी कारकुनाचे शब्द होत. सैनिकास घर नसते, क्रमांक असतो. तोच क्रमांक निर्वासितांच्या वाट्यास आला. विस्थापितांच्या नुकसानभरपाईचा व पुनर्वसनाचा कायदा १९५४ साली झाल्यावर राहत्या जागेची मालकी निर्वासितांस मिळण्याचा मार्ग खुला झाला, आणि त्या मालकीच्या कागदास लोकव्यवहारात ‘सनद’ हा शब्द रूढ झाला. राजाने द्यावयाच्या अधिकारपत्राचा हा जुना फार्सी-अरबी शब्द आणि लष्करी बराकीचा क्रमांक एकाच कागदावर आले. नावाने तळ, हक्काने घर, अशी ही वास्तू आहे; आणि सनद हाती असणे वा नसणे यावर कित्येक कुटुंबांचे भवितव्य अवलंबून राहिले.

बराकीत मधली जागा कोणती? कुटुंबांमधील पडदा इतका पातळ होता की आत आणि बाहेर हा भेदच पुसट झाला होता. ओटीवर जे बोलणे ठरवून होई, ते येथे न ठरविता ऐकू जाई. उलट, बराकीपुढचा लांब व्हरांडा आणि सार्वजनिक नळ या दोन जागा साऱ्या बराकीच्या झाल्या. घरोघरी सिंधी आणि बाजारात हिंदी व मराठी, ही भाषिक वाटणी याच जागांवर घडली. सिंधी भाषेस १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. परंतु ज्या भाषेस स्वतःचा प्रदेश उरला नव्हता, तिला येथे बराकीच्या ओळीनेच प्रदेश दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

एक ध्वनिविषयक योगायोग येथे उल्लेखनीय आहे. सिंधीत ‘ळ’ हा वर्ण नाही. आगरी बोलीतही पुष्कळदा ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. म्हणजे रुळांच्या अलीकडला जुना रहिवासी आणि पलीकडला नवा रहिवासी, दोघेही भिन्न कारणांनी ‘चाळ’ या शब्दाचा उच्चार ‘चाल’ असा करण्याचा संभव. ‘ळ’चा आग्रह धरणारी संस्था म्हणजे शाळा, तिच्या उच्चारातच तो वर्ण आधी यावयाचा. दोन भाषांची भेट नेहमीच प्रमाणभाषेच्या उंबरठ्यावर होते असे नाही, याचे हे लहानसे निदर्शक.

४. चाळ

बराकींनी एक बाजू व्यापली, तशी दुसरी बाजू चाळींनी. अंबरनाथचा आगपेट्यांचा कारखाना १९२० च्या दशकातला. पुढे १९५० च्या दशकात अंबरनाथ येथे संरक्षण खात्याचे कारखाने आणि शहाड येथे सेंच्युरी रेयॉन उभे राहिले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर अंबरनाथ, डोंबिवली या भागांत औद्योगिक क्षेत्रे आखली गेली. कोकण, देश, खानदेश आणि मराठवाड्यातून आलेल्या कामगारास मुंबईचे भाडे परवडत नव्हते. कल्याणच्या पूर्वेकडील खाचरांत बांधलेली खोली परवडत होती.

‘चाळ’ म्हणजे मराठीत एका ओळीत असलेल्या खोल्यांची इमारत, आणि ‘चाळ’ म्हणजे पायांत बांधावयाची घुंगरांची माळही. या दोन शब्दांचे मूळ एक असो वा नसो, ओवलेपणाची कल्पना उभयतांत आहे. गिरणगावातील चाळ तीन-चार मजल्यांची. विठ्ठलवाडीच्या परिसरातील चाळ बहुतांशी ‘बैठी’. ‘बैठी चाळ’ हा प्रयोगच बोलका आहे : चाळ उभी असणे हे मुंबईत गृहीत, येथे ती जमिनीवर बसली. जमिनीचा मूळ मालक भातशेती सोडून खोल्या बांधी आणि भाड्याने देई वा विकी. चाळीला त्याच्या कुळाचे वा देवाचे नाव मिळे. शेतकरी अशा रीतीने ‘चाळमालक’ झाला. ज्या बांधावरून त्याची बैले जात, तो दोन चाळींमधला बोळ झाला, आणि पुढे त्याच बोळात गटार आले.

जमिनीच्या कायद्याची परिभाषाही याच काळात लोकांच्या तोंडी बसली. ‘सातबारा’, ‘गावठाण’, ‘गुरचरण’ हे शब्द जुने. त्यांच्या जोडीस ‘बिनशेती’ आला. ‘बिनशेती’ हा शब्द जमिनीवर काय आहे ते सांगत नाही. काय राहिले नाही ते सांगतो. घर, कारखाना, दुकान, शाळा या सर्वांस मिळून हे एकच अभावदर्शक नाव आहे. शेती हीच जमिनीची मूळ अवस्था, इतर सारे त्या अवस्थेपासूनचे ढळणे, ही ग्रामीण दृष्टी या शब्दात आजही शाबूत आहे. व्यवहारात मात्र अनेक चाळी ‘बिनशेती’चा परवाना न घेताच उभ्या राहिल्या आणि त्यांस ‘अनधिकृत’ हे दुसरे अभावदर्शक विशेषण चिकटले. माणूस वीस वर्षे ज्या घरात राहतो ते घर, कागदावर, नसल्यासारखेच असावे, ही विसंगती या दोन उपसर्गांनी अचूक टिपली आहे.

चाळीने मधली जागा गमावली नाही. बैठ्या चाळीपुढचा ओटा हा ओटीचाच वंशज. मजल्याच्या चाळीत तिचे काम ‘गॅलरी’ने केले. इंग्रजीतील ‘गॅलरी’ म्हणजे दालन वा लांब मार्गिका. मराठीत त्या शब्दाचा अर्थ आकसून ‘घराबाहेर निघालेला, उभे राहून खाली पाहण्याचा सज्जा’ असा झाला. परका शब्द घेऊन त्यास आपल्या गरजेचा अर्थ देणे, हे मराठीने येथे केले. कारण ती गरज, म्हणजे आतबाहेरच्या मधली जागा, ओटीच्या काळापासून शिल्लक होती.

५. सोसायटी

चौथा वास्तुप्रकार कायद्याच्या पोटी जन्मला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा आणि मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा अधिनियम १९६३ चा. यांतून ‘सहकारी गृहनिर्माण संस्था’, ‘सदनिका’ हे शब्द कागदावर स्थिरावले. बोलण्यात मात्र ‘सोसायटी’ आणि ‘फ्लॅट’ हेच शब्द राहिले. खरेदीखतावर ‘सदनिका’ आणि शेजाऱ्यास सांगताना ‘फ्लॅट’ : एकाच वस्तूस दोन नावे, आणि त्यांच्यामध्ये सरकारी कचेरीचा दरवाजा. ‘कॉलनी’ हा शब्दही याच सुमाराचा. तो लॅटिनमधील जमीन कसण्याच्या धातूपासून आलेला असून कसणाऱ्यांची वसाहत हा त्याचा मूळ अर्थ. ज्या ठिकाणी नांगर कायमचा थांबला, त्या ठिकाणास हे नाव मिळाले.

१ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण-डोंबिवली महानगरपालिका आणि १९९६ साली उल्हासनगर महानगरपालिका अस्तित्वात आली. भोवतालच्या सत्तावीस गावांचा कल्याण-डोंबिवलीत समावेश १९८३ साली झाला, २००२ साली ती वगळण्यात आली, आणि २०१५ साली पुन्हा घेण्यात आली. ‘गाव’ की ‘शहर’ हा प्रश्न येथे कोशातील नव्हे; पाणीपट्टी, बांधकाम परवानगी आणि शेताची किंमत त्यावर ठरते.

या वास्तूंच्या शब्दांची व्याकरणाकडून परीक्षा केली असता एक उपयुक्त गमक हाती लागते. मराठी बोलणारा ‘वाडीत’, ‘चाळीत’, ‘बराकीत’, ‘कॉलनीत’, ‘सोसायटीत’ असे सहज म्हणतो. परंतु ‘टॉवरात’, ‘कॉम्प्लेक्सात’ असे सहसा म्हणत नाही. तेथे तो ‘टॉवरमध्ये’, ‘कॉम्प्लेक्समध्ये’ असे शब्दयोगी अव्यय जोडतो. पहिल्या गटातील ‘बराक’, ‘कॉलनी’ आणि ‘सोसायटी’ हे शब्द परकेच. पण त्यांस सामान्यरूप आणि विभक्तिप्रत्यय मिळाला, म्हणजे भाषेने त्यांस घरात घेतले. दुसऱ्या गटातील शब्द अजून दारातच उभे आहेत. लिंगाचा प्रकारही असाच. समूहाने राहण्याच्या जागेची नावे, आळी, वाडी, चाळ, बराक, सोसायटी, बहुधा स्त्रीलिंगी. सुट्या वा डौलाच्या वास्तूंची, वाडा, बंगला, ब्लॉक, फ्लॅट, टॉवर, बहुधा पुल्लिंगी. पाडा, मोहल्ला, कॅम्प, खोली, सदनिका असे अपवाद असल्याने यास नियम म्हणता येणार नाही. परंतु कल स्पष्ट आहे.

सदनिकेत मधल्या जागेचे काय झाले? ‘बाल्कनी’ ही आरंभी होती. पण ‘बाल्कनी आत घेणे’ हा वाक्प्रयोग जेथे रूढ झाला तेथे ती संपली. भिंत पाडावयाची, खिडकी बसवावयाची, आणि बाहेरचे आत करावयाचे. दाराबाहेर उरतो तो ‘पॅसेज’, ‘जिना’ आणि ‘पार्किंग’. हे तिन्ही जाण्यायेण्याचे शब्द आहेत, बसण्याचे नाहीत. ओटी, ओटा, व्हरांडा, गॅलरी या परंपरेत बसलेला शेवटचा शब्द अशा इमारतीत सापडत नाही.

६. भिंतीवरील शब्द

एकविसाव्या शतकात या वास्तूंचे वय झाले. उल्हासनगरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये तेथे दोन इमारतींचे स्लॅब पंधरा दिवसांच्या आत कोसळून माणसे दगावली. जुन्या इमारतींच्या भिंतींवर आता पालिकेची नोटीस लागते, तीवर ‘धोकादायक’ वा ‘अतिधोकादायक’ असा शेरा असतो. या दोन शब्दांमध्ये केवळ ‘अति’ या उपसर्गाचे अंतर. पण एकाच्या वाट्यास दुरुस्ती येते आणि दुसऱ्याच्या वाट्यास घर रिकामे करणे. शब्दार्थाचा विचार हा केवळ पंडितांचा विषय आहे असे ज्यास वाटते, त्याने या नोटिशीखाली उभ्या असलेल्या कुटुंबाकडे पाहावे. वाडी, बराक, चाळ, सदनिका, अधिकृत, अनधिकृत, धोकादायक, अतिधोकादायक : यांपैकी कोणते नाव आपल्या वास्तूस लागते, यावर तेथील माणसाची मालकी, मोबदला आणि परतीचा हक्क ठरत असतो.

आता बराकी आणि बैठ्या चाळी पाडून त्या जागी मनोरे उठत आहेत. त्यांची गरज नाकारता येणार नाही; गळके छत आणि सामाईक संडास यांचे कौतुक त्यांत न राहणाऱ्यांनी करू नये. परंतु नव्या आराखड्यात खोल्यांची मोजणी होते, क्षेत्रफळाची होते, मधल्या जागेची होत नाही; कारण कागदाच्या परिभाषेत तीस नाव नाही. ज्यास नाव नाही त्याची मागणीही करता येत नाही. ओटीला नाव होते म्हणून ती प्रत्येक घरास मिळाली.

यास्तव पदव्युत्तर अभ्यासकांपुढे येथे एक तातडीचे काम आहे. गावठाणांतून जी थोडी कौलारू घरे उरली आहेत, त्यांतील वृद्ध रहिवाशांकडून घराच्या भागांची आगरी नावे, आणि बराकीत बालपण घालविलेल्यांकडून तेथील जागांचे सिंधी व मिश्र शब्द, वास्तूच्या रेखाटनासह टिपून ठेवले पाहिजेत. घर पडले की त्याच्या भागाचे नाव एका पिढीत विसरले जाते. विठ्ठलवाडीत ‘वाडी’ हा शब्द स्थानकाच्या फलकावर, एसटीच्या आगारावर आणि तिकिटावर टिकून राहील. पण कुंपण, बाग आणि ओटी यांच्याशी त्याचा असलेला संबंध सांगणारी माणसे आज आहेत, आणि त्यांना विचारावयाचे ते आजच विचारावे लागेल.